उजळणीपासून आकारिक नोंदीपर्यंत : लासलगाव परिसरातून दिसणारा मूल्यमापनाचा इतिहास

विद्यार्थ्याला काय येते हे शोधण्यासाठी एखादा समाज जी रीत निवडतो, तिच्यावरून त्या समाजाला शाळेकडून काय हवे होते हे बऱ्याच अंशी कळते. हिशेब ठेवणारी आणि खत लिहिणारी माणसे हवी होती, तेव्हा तोंडपाठ उजळणी हीच कसोटी होती. सरकारला शाळांवरील खर्चाचा जाब द्यायचा होता, तेव्हा वर्षातून एकदा येणाऱ्या अधिकाऱ्याची तपासणी ही कसोटी ठरली. आणि महाविद्यालयांच्या व सरकारी नोकऱ्यांच्या मोजक्या जागांसाठी उमेदवार निवडायचे होते, तेव्हा ती जागा लेखी प्रश्नपत्रिकेने घेतली. यांपैकी प्रत्येक रीतीमागे कोणाचा तरी प्रश्न उभा होता, कधी पालकाचा, कधी सरकारचा, तर कधी विद्यापीठाचा. आपल्याला काय आले, काय राहिले आणि राहिलेले कसे यावे, हा खुद्द शिकणाऱ्या मुलाचा प्रश्न मात्र या इतिहासात सर्वांत उशिरा विचारला गेला.

नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात असलेले लासलगाव हे या इतिहासाकडे पाहण्यासाठी योग्य ठिकाण आहे, कारण पारख हा तेथील रोजच्या जगण्याचा भाग आहे. १९४७ साली स्थापन झालेल्या येथील कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात कांद्याने भरलेल्या ट्रॉल्या रांगेने उभ्या राहतात, व्यापारी वरचा माल हाताने चाळून त्याचा आकार, रंग आणि पत्ती पाहतात, आणि काही क्षणांत बोली लागून महिनोन्‌महिन्यांच्या कष्टाचा भाव ठरतो. त्याच परिसरातील शेतकरी आपल्या कांदाचाळीत साठवलेला उन्हाळ कांदाही पारखतो. मात्र तेथे तो सडलेला आणि कोंब फुटलेला कांदा वेळीच बाजूला काढतो, हवा नीट खेळते की नाही हे पाहतो आणि उरलेला माल वाचवतो. पारख दोन्हीकडे आहे, पण पहिलीने भाव ठरतो आणि दुसरीने माल टिकतो. शिक्षणशास्त्रात या दोन प्रकारांना स्वतंत्र नावे आहेत. ठरावीक काळाच्या शेवटी एकूण संपादणूक मोजून श्रेणी किंवा गुण देणाऱ्या मूल्यमापनाला संकलित मूल्यमापन म्हणतात, तर शिकणे चालू असतानाच अडचण ओळखून अध्यापनात बदल करण्यासाठी केलेल्या मूल्यमापनाला आकारिक मूल्यमापन म्हणतात. इंग्रजीतील या जोडीचा भेद मायकेल स्क्रिव्हेन या अभ्यासकाने १९६७ साली मांडला; व्यवहारात मात्र दोन्ही रीती त्याहून फार जुन्या आहेत.

पंतोजींच्या शाळेतील कसोटी

इंग्रजी अंमल सुरू होण्यापूर्वी आणि त्यानंतरही काही दशके महाराष्ट्रातील गावांमध्ये पंतोजींच्या शाळा चालत असत. त्या देवळात, ओसरीवर किंवा एखाद्या वाड्याच्या पडवीत भरत आणि पंतोजींचा निर्वाह पालकांनी दिलेल्या शिध्यावर व थोड्याफार पैशांवर होत असे. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८२४ च्या सुमारास शिक्षणविषयक टिपण लिहिले आणि त्या दशकात देशी शाळांची पाहणी झाली, तेव्हा या व्यवस्थेचे चित्र सरकारी कागदोपत्री उमटले. या शाळांत आजच्या अर्थाने इयत्ता नव्हत्या, छापील पुस्तके नव्हती आणि वार्षिक परीक्षाही नव्हती. मूल धूळपाटीवर काडीने अक्षरे गिरवत असे. अक्षर चुकले की हाताने धूळ सारखी करून तेच अक्षर पुन्हा काढले जाई आणि चुकीची नोंद कोठेही राहत नसे. हात वळला की बोरू आणि शाई हाती येई, मग कित्त्यावरून बालबोध व मोडी वळण गिरवले जाई.

अंकगणिताची कसोटी तोंडी होती. पूर्णांकांचे पाढे झाले की पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे अनुक्रमे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीन यांचे पाढे पाठ करावे लागत. शेर-पायली, रुपया-आणा आणि बिघा-पांड यांच्या व्यवहारात अपूर्णांक पदोपदी येत असल्याने हे पाढे म्हणजे बाजारात उभे राहण्याची सिद्धता होती. संध्याकाळी सर्व मुले मोठ्याने परवचा, म्हणजे पाढ्यांची उजळणी, म्हणत आणि त्या सामूहिक आवाजातही कोण अडखळला हे पंतोजींच्या किंवा त्यांनी नेमलेल्या मोठ्या मुलाच्या कानातून सुटत नसे. चूक त्याच क्षणी सुधारली जाई आणि प्रत्येक मूल आपापल्या गतीने पुढे सरके. आजच्या परिभाषेत या रीतीचा मोठा भाग आकारिकच होता.

या रीतीच्या मर्यादाही तेवढ्याच स्पष्ट होत्या. पाठांतर मोजले जाई, समज मोजली जात नसे. चुकीला छडीचे उत्तर मिळे. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे मुलींना व अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांना या शाळेचे दार जवळजवळ बंदच होते. ज्यांना शिकण्याचीच मुभा नव्हती त्यांच्या शिकण्याची कसोटी कोण घेणार, हा प्रश्न त्या व्यवस्थेत उद्भवतच नव्हता. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा सुरू केल्यावर परीक्षेला एक वेगळेच कार्य मिळाले. १८५२ साली त्यांच्या शाळेतील मुलींची जाहीर परीक्षा घेण्यात आली, म्हणजे जमलेल्या लोकांसमोर मुलींना वाचायला लावून व प्रश्न विचारून त्यांची तयारी दाखवण्यात आली. त्या परीक्षेचा श्रोता समाज होता आणि मुली शिकू शकतात हे सिद्ध करणे हा तिचा हेतू होता. मूल्यमापनाची रीत हेतूनुसार निवडली जाते, याचे हे महाराष्ट्रातील एक ठळक आणि अभिमानास्पद उदाहरण आहे.

डेपुटींचा शेरा आणि फुले यांची हरकत

१८५४ च्या वुड यांच्या खलित्यानंतर मुंबई इलाख्यात सरकारी शिक्षणखाते उभे राहिले आणि शाळा तपासणारे इन्स्पेक्टर व डेपुटी इन्स्पेक्टर नेमले गेले. ग्रामीण भागात नुसते ‘डेपुटी’ म्हणून ओळखले जाणारे हे अधिकारी वर्षातून एकदा येत, मुलांना रांगेत उभे करून वाचन, शुद्धलेखन आणि गणित तपासत आणि शाळेच्या शेरेबुकात आपला शेरा लिहून जात. ही कसोटी वरवर मुलांची असली तरी तिचा निकाल शिक्षकावर आणि शाळेवर लागत असे.

याच काळात इंग्लंडमध्ये रॉबर्ट लो यांच्या १८६२ च्या नियमावलीने रूढ केलेली, परीक्षेच्या निकालानुसार शाळेला पैसे देण्याची पद्धत मुंबई इलाख्यातील अनुदानित शाळांनाही लागू झाली. वाचन, लेखन व गणित यांत जितकी मुले उत्तीर्ण तितके अनुदान, असे तिचे सूत्र होते. मोजमापाला पैसा जोडला की जे मोजले जाते तेवढेच शिकवले जाते आणि निकाल बिघडवतील अशी मुले शाळेला नकोशी होतात, हा धडा इंग्लंड आणि भारत या दोन्ही देशांनी या पद्धतीतून घेतला. १९०४ च्या शिक्षणविषयक सरकारी ठरावात परीक्षांच्या वर्चस्वावर टीका झाली आणि ही पद्धत मागे पडली.

तिच्यावर मराठी मुलखातून त्याआधीच अचूक बोट ठेवले गेले होते. शिक्षणाची चौकशी करणाऱ्या सरकारी हंटर आयोगापुढे १८८२ साली दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी सांगितले, की ज्या गरीब आणि अशिक्षित लोकांमध्ये शिक्षणाची गोडी अजून निर्माण झालेली नाही, त्यांच्यासाठी निकालानुसार पैसे देण्याची पद्धत मुळीच योग्य नाही, कारण अशा वस्तीत स्वतःच्या जबाबदारीवर शाळा काढून कोणत्याही शिक्षकाचे पोट भरणार नाही. त्याच निवेदनात त्यांनी तपासणीच्या रीतीवरही हरकत घेतली. डेपुटीने वर्षातून एकदा भेट दिल्याने काही लाभ होत नाही, शाळांची तपासणी निदान तिमाही व्हावी आणि शिवाय आगाऊ सूचना न देताही भेटी द्याव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. एकदाच घेतलेल्या आणि आधीच तयारी करवून दाखवलेल्या परीक्षेतून शाळेचे खरे रूप कळत नाही, हे त्यांनी ओळखले होते, आणि मूल्यमापनातील सातत्याची मागणी एका मराठी माणसाने सरकारी आयोगापुढे इतक्या आधी केली होती, याची आठवण शिक्षकांच्या प्रशिक्षणात आवर्जून दिली जायला हवी.

मॅट्रिकचे दार

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ साली त्याची पहिली प्रवेश परीक्षा, म्हणजे मॅट्रिक्युलेशन, झाली. तीत उत्तीर्ण झालेल्या मोजक्या विद्यार्थ्यांत महादेव गोविंद रानडे होते, ज्यांचा जन्म १८४२ साली निफाड येथे, म्हणजे लासलगावच्याच तालुक्याच्या गावी झाला. १८६२ साली ते विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक झाले. त्यांच्या विद्वत्तेने या परीक्षेची प्रतिष्ठा वाढली. पण हे दार किती अरुंद होते हेही त्याच इतिहासातून दिसते. परीक्षेचे माध्यम इंग्रजी होते आणि उच्च परीक्षांत देशी भाषांना फारसे स्थान उरले नाही, त्यामुळे विषयाच्या ज्ञानाबरोबर, आणि अनेकदा त्याच्याही आधी, इंग्रजी भाषाच मोजली जात होती. विद्यापीठाच्या परीक्षांत मराठीला जागा मिळावी म्हणून रानडे यांनी आयुष्याच्या अखेरपर्यंत केलेला प्रयत्न या दृष्टीने पाहिला, तर तो भाषाप्रेमाबरोबरच न्याय्य मूल्यमापनाचाही आग्रह होता, कारण ज्या भाषेत मूल विचार करते त्या भाषेत त्याला उत्तर देऊ न देणारी परीक्षा त्याचे विचार मोजू शकत नाही.

पुढच्या शतकात बहुजन समाजाने हे दार उघडण्यासाठी स्वतःच्या संस्था उभारल्या. १९१४ साली नाशिकला स्थापन झालेल्या मराठा विद्या प्रसारक समाजाने जिल्ह्यातील गावोगावी शाळा नेल्या आणि शेतकऱ्यांची मुले मॅट्रिकपर्यंत पोहोचू लागली. मुंबई राज्यात १९४९ साली पहिली एस.एस.सी. परीक्षा झाली, १९६६ साली महाराष्ट्राचे माध्यमिक शिक्षण मंडळ कार्यरत झाले आणि १९७५ पासून ही परीक्षा अकरावीऐवजी दहावीच्या शेवटी होऊ लागली. नाव बदलले तरी खेड्यापाड्यांत ‘मॅट्रिक’ हा शब्द दीर्घकाळ टिकला, कारण मॅट्रिक पास किंवा नापास हा शिक्का नोकरी, लग्न आणि प्रतिष्ठा या तिन्ही ठिकाणी चालत होता. तीन तासांच्या पेपरवर आयुष्याचा भाव ठरणे ही गोष्ट लोकांनी बाजारातील बोलीइतकीच अटळ मानली.

सुधारणांचा विचार

या अटळपणाला विसाव्या शतकात अनेक बाजूंनी आव्हान मिळाले. वर्धा येथे १९३७ साली भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर झाकिर हुसेन समितीने नई तालीमची, म्हणजे हस्तव्यवसायातून शिक्षण देण्याची, योजना मांडली, तेव्हा प्रचलित परीक्षांवर तिने कठोर टीका केली आणि शाळांचे काम तपासायचे असेल तर निवडक गटांच्या संपादणुकीचा नमुना पाहणे पुरेसे आहे, असे सुचवले. व्यवस्थेची तपासणी आणि मुलाची तपासणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा त्यातला मोलाचा विचार होता. मुदलियार आयोगाने १९५२-५३ मध्ये बाह्य परीक्षांची संख्या कमी करून प्रत्येक विद्यार्थ्याची संचयी नोंद, म्हणजे वर्षानुवर्षे जमा होत जाणारी प्रगतीची नोंद, ठेवण्याची शिफारस केली. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम १९५८ साली भारतात आले. स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण अशा पायऱ्यांनी उद्दिष्टे ठरवून त्यांनुसार प्रश्न काढावेत, ही त्यांची मांडणी हळूहळू प्रश्नपत्रिकांच्या संविधान तक्त्यांत, म्हणजे प्रश्नांच्या आराखड्यांत, उतरली. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे मराठी भूमीतले शिक्षणचिंतक होते, आणि त्या आयोगानेही मूल्यमापन ही शिकण्यातच विणलेली अखंड प्रक्रिया असल्याचे प्रतिपादन केले. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयासारख्या शाळांनी, गुण आणि क्रमांक यांची भीती बाजूला ठेवूनही मुलांची प्रगती जाणता येते, हे प्रत्यक्ष चालवून दाखवले.

आठ साधने आणि एक गणित

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याने सातत्यपूर्ण व सर्वंकष मूल्यमापन बंधनकारक केले. महाराष्ट्र शासनाने २० ऑगस्ट २०१० च्या निर्णयाने त्याची रचना ठरवली. आकारिक मूल्यमापनासाठी शिक्षकापुढे आठ साधने व तंत्रे ठेवण्यात आली : दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक वा प्रयोग, उपक्रम वा कृती, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय वा वर्गकार्य आणि इतर, ज्यात प्रश्नावली, सहाध्यायी मूल्यमापन आणि स्वयंमूल्यमापन यांचा समावेश होतो. विषय आणि इयत्ता पाहून यांतून निवड शिक्षकानेच करायची होती. पहिली-दुसरीत आकारिकला ७० व संकलितला ३० गुणांचा भार होता आणि इयत्ता वाढेल तसा तो बदलत जाऊन सातवी-आठवीत ४० व ६० असा होत होता. मूल लहान असताना निगेला अधिक महत्त्व आणि मोठे होताना कसोटीला अधिक महत्त्व, असा या प्रमाणांचा अर्थ आहे.

या निवडीला वर्गात काय अर्थ असतो हे लासलगावच्या व्यवहारातील एका गणितावरून स्पष्ट करता येते. एका ट्रॉलीत २२ क्विंटल ५ किलो कांदा भरला आणि क्विंटलला १,४०० रुपये भाव मिळाला, तर पट्टी, म्हणजे मालाच्या पैशांची पावती, किती रुपयांची होईल, असा प्रश्न सहावीच्या वर्गाला लेखी चाचणीत विचारला आहे असे समजावे. बरोबर उत्तर ३०,८७० रुपये आहे. एका मुलाने ५ किलो म्हणजे दशांश पाच असे समजून २२.५ ला १,४०० ने गुणले आणि ३१,५०० रुपये लिहिले, दुसऱ्याने २२.०५ बरोबर लिहिले, पण गुणाकारात हातचा विसरला. तिसऱ्या मुलीने जागा कोरी सोडली. गुणपत्रकात तिघांनाही शून्यच मिळेल आणि ते शून्य तिघांबद्दल एकच खोटी गोष्ट सांगेल, की यांना गणित येत नाही.

प्रत्यक्षात तिघांची अडचण वेगळी आहे आणि ती शोधण्याची साधनेही वेगळी आहेत. पहिल्याचा गुणाकार पक्का आहे, पण शतांशाचे स्थान त्याला उमगलेले नाही, आणि ६३० रुपयांचा फरक त्या एका शून्यातून पडला आहे. त्याच्यासाठी वजनांचे प्रात्यक्षिक आणि स्थानिक किमतीचा तक्ता उपयोगी पडेल. दुसऱ्याची चूक वर्गकार्यात त्याच्या पायऱ्या पाहिल्या की लगेच सापडते. तिसऱ्या मुलीला तोच प्रश्न तोंडी विचारला, तर बाविसांचे तीस हजार आठशे आणि चौदा रुपये किलोने पाच किलोचे सत्तर, असे ती क्षणात सांगू शकेल. तिला अडले आहे ते वाचन, आणि त्याचे निदान प्रकट वाचनाने होईल, गणिताच्या आणखी दहा चाचण्यांनी होणार नाही. परवचा म्हणणाऱ्या मुलाच्या हिशेबाची जी ताकद पंतोजींच्या शाळेने जोपासली होती, ती या मुलीत आहे. केवळ लेखी कसोटीने ती अदृश्य होते.

नोंदींचे ओझे आणि निकालांचे चढउतार

चांगली रचना कागदावर आल्याने ती वर्गात उतरतेच असे नाही. वर्णनात्मक नोंदी लिहिण्याचे काम अनेक शिक्षकांना ओझे वाटू लागले, तयार वाक्यांच्या पुस्तिका बाजारात आल्या आणि मुलाकडे न पाहता नोंद पूर्ण करणे शक्य झाले. त्याच वेळी आठवीपर्यंत नापास न करण्याच्या तरतुदीचा अर्थ परीक्षाच नाही असा लावला गेला, वस्तुतः कायद्याने मूल्यमापन थांबवले नव्हते, तर ते रोजचे केले होते. या कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना पाचवी व आठवीत वार्षिक परीक्षा घेण्याची मुभा दिली आणि महाराष्ट्रात २०२३-२४ पासून ती पुन्हा सुरू झाली.

साधन बदलले की निकाल कसा बदलतो, हे दहावीच्या आकड्यांतही दिसते. भाषा विषयांसाठी असलेले २० गुणांचे अंतर्गत मूल्यमापन रद्द झाल्यानंतर मार्च २०१९ चा राज्याचा निकाल आधीच्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. ते गुण परत आल्यावर २०२० साली तो ९५.३० टक्के लागला. आणि साथीमुळे परीक्षाच न झालेल्या २०२१ साली अंतर्गत मूल्यमापनावर आधारलेला निकाल ९९.९५ टक्के होता. राज्यातील मुलांची समज तीन वर्षांत अशी खाली-वर झाली नव्हती. बदलले होते ते मोजण्याचे माप. उलट, २००५ पासून होणाऱ्या ‘असर’ (शिक्षणाच्या वार्षिक स्थितीचा अहवाल) या पाहणीत मुलाजवळ बसून त्याला अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट क्रमाने वाचायला देतात. ही पाहणी कोणालाही पास-नापास करत नाही, म्हणूनच ती व्यवस्थेला तिचे खरे चित्र दाखवू शकते.

लासलगाव परिसरात कांदा लागवडीच्या, काढणीच्या आणि द्राक्षांच्या हंगामात सुरगाणा, पेठ यांसारख्या आदिवासी तालुक्यांतून मजूर कुटुंबे येतात आणि त्यांच्याबरोबर मुलेही येतात. मार्चमध्ये एका गावात आणि जूनमध्ये दुसऱ्या गावात असलेल्या मुलासाठी वर्षाअखेरची एकच परीक्षा म्हणजे फुले यांनी नाकारलेली डेपुटींची वार्षिक भेटच होय. त्याला उपयोगी पडेल ती अशी नोंद, जी त्याच्याबरोबर प्रवास करेल आणि नव्या शिक्षकाला पहिल्याच दिवशी सांगेल, की हा मुलगा तोंडी हिशेब चोख करतो, गुणाकार त्याला येतो, पण एक किलो म्हणजे क्विंटलचा शंभरावा भाग ही गोष्ट त्याला वजने हाताळून एकदा पुन्हा समजावायची आहे. दोन शतकांच्या परीक्षांनी न विचारलेला मुलाचा प्रश्न अशा एका वाक्यात विचारलेला असतो, आणि त्याचे उत्तर दुसऱ्या दिवशीच्या तासात दिले जाऊ शकते.